स्पीच थेरपिस्टचाच आवाज रोज बसत असेल तर काय करावं?

तुम्ही लिहिलंय की नाशिकमध्ये स्पीच थेरपिस्ट म्हणून नवीन नोकरी लागलीय, संध्याकाळपर्यंत आवाज बसतो, तर ज्येष्ठमधाने फरक पडेल का. घशाला बरं वाटेल, एवढंच. गिळलेलं अन्ननलिकेत जातं, स्वरतंतूंना लागत नाही, हे तुम्ही पेशंटला सांगतच असाल. तुमचं दुखणं वेळापत्रकात आणि खोलीत आहे.

मी इथल्याच एका सेंटरमध्ये काही वर्षं होते. खोल्यांना प्लायवूडची पार्टिशनं, पलीकडे ऑक्युपेशनल थेरपीची मुलं उड्या मारतायत, खाली रस्त्यावर हॉर्न. गणपतीआधी ढोलपथकांचा सराव सुरू झाला की खिडक्या लावूनही उपयोग नाही. गोंगाटात माणसाचा आवाज आपोआप चढतो, त्यालाच लोम्बार्ड परिणाम म्हणतात. त्यात आपलं काम असं की मूल बोलतं व्हावं म्हणून दिवसभर उंच पट्टीत भूभू, म्याऊ, झुकझुक. एक सेशन संपलं की लगेच दुसरं. मधल्या दोन मिनिटांत सिन्नर, दिंडोरीहून आलेल्या आईवडिलांना घरचा अभ्यास समजावायचा. ते दाराशी उभे, त्यांची बस निघायची वेळ झालेली, त्यांना नाही कसं म्हणणार?

दिवाळीनंतर माझा आवाज फाटला. दुर्बिणीने पाहिलं तर दोन्ही स्वरतंतूंवर गाठी. मी सुट्टी नाही मागितली, दोन सेशनमध्ये फक्त दहा मिनिटं मागितली. सेंटरच्या मॅडम म्हणाल्या, "थेरपिस्टचाच आवाज बसतो म्हणजे तुमचं टेक्निक चुकतंय. पेशंटना कळलं तर काय म्हणतील?"

मला ते आजही मान्य नाही. बाईचे स्वरतंतू सेकंदाला साधारण २०० वेळा एकमेकांवर आपटतात. तासातला निम्मा वेळ जरी आवाज काढला तरी साडेतीन लाखांच्या वर आघात होतात. टेक्निकने आघाताचा जोर कमी होतो, पण विश्रांती ती विश्रांतीच. हाडांच्या डॉक्टरची कंबर धरली तर त्याला ऑपरेशन येत नाही असं कुणी म्हणतं का? माझ्या गाठी व्हॉइस थेरपीने गेल्या, ऑपरेशन लागलं नाही. पण त्याआधी मी ती नोकरी सोडली होती.

तुम्ही मुलाच्या अगदी जवळ, समोरासमोर बसा. अंतर निम्मं केलं की त्याच्या कानाशी आवाज साधारण ६ डेसिबलने वाढतो, मग श्रवणयंत्राच्या मुलासाठीही ओरडावं लागत नाही. कमरेला लावायचा माईक घ्या, शिक्षक सर्रास वापरतात, लाज कसली? स्ट्रॉमधून हळू आवाज काढायचा व्यायाम पेशंटला देता तो स्वतःही करा. सारखं खाकरू नका. आवाज बसला म्हणून कुजबुजत बोलू नका, त्यानेही ताण येतो.

आणि हो, आवाज तीन आठवड्यांत सुधारला नाही तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जाऊन दुर्बिणीने तपासून घ्याच. गिळायला त्रास होत असेल किंवा थुंकीत रक्त दिसलं तर तेवढंही थांबू नका. ॲसिडिटीनेही आवाज जातो, तेही विचारा. बीपी असेल तर ज्येष्ठमध रोज नको, त्याने बीपी वाढतं.

पण आधी ती दहा मिनिटं मागा, आणि लेखी मागा. अपॉइंटमेंटच्या वहीत प्रत्येक सेशनपुढे ती रिकामी दिसली पाहिजेत. टेक्निकचं कुणी काढलं तर दुर्बिणीचा रिपोर्ट समोर ठेवा.