‘लंग रिक्रूटमेंट’ला ‘फुफ्फुसभरती’ म्हणावं का?

प्रश्न असा आहे: अतिदक्षता विभागाच्या संमतिपत्राचं मराठी भाषांतर करताना ‘लंग रिक्रूटमेंट मॅन्युव्हर’साठी, म्हणजे व्हेंटिलेटरचा दाब काही वेळ वाढवून फुफ्फुसाचे मिटलेले भाग उघडण्याच्या कृतीसाठी, ‘फुफ्फुसभरती’ लिहिलं तर चालेल का? आणि ‘कोलॅप्स्ड लंग’ला ‘निकामी फुफ्फुस’ म्हणावं का?

दोन्ही शब्द टाळावेत.

एआरडीएस, म्हणजे तीव्र श्वसनत्रास, या आजारात केशवाहिन्यांमधून प्रथिनयुक्त द्रव झिरपून वायुकोशांत साचतो. ‘फुफ्फुसभरती’ ऐकल्यावर नातेवाइकांच्या डोळ्यांपुढे फुफ्फुसात पाणी भरणंच येईल, म्हणजे उपचाराला आजाराचंच नाव दिल्यासारखं होईल. शिवाय ‘दवाखान्यात भरती’ हा अर्थ मध्ये येतोच. मूळ शब्दातला भाव ‘बंद पडलेल्यांना पुन्हा कामाला लावणं’ असा आहे. म्हणून संमतिपत्रात सरळ ‘मिटलेले वायुकोश उघडणे’ लिहावं. ‘वायुकोश’ शालेय पाठ्यपुस्तकांतून सगळ्यांना ठाऊक आहे. अभ्यासलेखात नाम हवंच असेल तर ‘वायुकोश-उन्मीलन’ आणि त्याच्या उलट ‘निमीलन’ ही जोडी चांगली बसते, पण रुग्णाच्या मुलाला सही करायला द्यायच्या कागदावर ती नको.

‘निकामी’ चुकीचं ठरतं, कारण मिटलेला भाग मेलेला नसतो. द्रवामुळे वायुकोशांना उघडं ठेवणारं सरफॅक्टंट बिघडतं, सुजलेल्या फुफ्फुसाचं वजन पाठीकडच्या भागावर येतं आणि तिथले वायुकोश मिटतात. रक्त तिथूनही वाहत राहतं, पण त्याला ऑक्सिजन मिळत नाही. म्हणून नुसतं ऑक्सिजनचं प्रमाण वाढवून भागत नाही. ‘मिटलेले’ या शब्दात उघडण्याची शक्यता शिल्लक राहते, आणि इथे तेच सांगायचं असतं.

भाषांतरात सर्वांत घातक घोळ मात्र वेगळा आहे. ‘फुफ्फुस कोलॅप्स झालं’ असं न्यूमोथोरॅक्सलाही म्हणतात. त्यात हवा फुफ्फुसाबाहेर, छातीच्या पोकळीत साचते आणि फुफ्फुस दबतं. तिथे छातीत नळी घालून हवा काढायची असते. व्हेंटिलेटरचा दाब वाढवला तर रुग्ण दगावू शकतो. म्हणून तिथे ‘छातीत हवा साचून दबलेले फुफ्फुस’ आणि इथे ‘मिटलेले वायुकोश’ हा भेद काटेकोर पाळावा.

आता ‘मॅन्युव्हर’. ही शस्त्रक्रिया नव्हे, त्यामुळे ‘प्रक्रिया’ किंवा ‘कृती’ पुरेसं आहे. जुन्या पद्धतीत ४० सेंटिमीटर पाण्याइतका दाब सलग ४० सेकंद धरत. जिनापद्धतीत श्वासाचा वाढीव दाब १५ च्या आसपास कायम ठेवून पीप, म्हणजे उच्छ्वासाच्या शेवटी फुफ्फुसात राखलेला दाब, पाच-पाचने वर नेतात. मग तो दोन-दोनने खाली आणत फुफ्फुस सर्वांत लवचीक कुठे आहे ते पाहतात, पुन्हा एकदा उघडतात आणि पीप त्या पातळीच्या किंचित वर ठेवतात. फुग्याला पहिली फुंक जड जाते, मग तो सोपा होतो. वायुकोशही उघडायला जास्त दाब लागतो, उघडं ठेवायला कमी. म्हणून ‘उघडणे’ आणि ‘उघडे राखणे’ ही दोन वेगळी क्रियापदं भाषांतरात टिकलीच पाहिजेत.

संमतिपत्रातल्या धोक्यांना गुळमुळीत शब्द नकोत. दाब फक्त मिटलेल्या भागात जात नाही. आधीच उघडे, निरोगी वायुकोश त्याने जास्त ताणले जातात आणि फाटूही शकतात. छातीतला दाब वाढला की हृदयाकडे परतणारं रक्त घटतं आणि रक्तदाब कोसळतो, विशेषतः शरीरात द्रव कमी असेल तेव्हा. म्हणून आधी न्यूमोथोरॅक्स नाही याची खात्री करतात, रुग्णाला पुरेशी गुंगी देतात, धमनीतला रक्तदाब सतत पाहतात आणि तो पडू लागला की लगेच थांबतात.

याच कृतीच्या, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘आर्ट’ नावाच्या चाचणीत एआरडीएसचे १,०१० रुग्ण होते. जास्त दाबाने उघडून त्यानुसार पीप ठरवलेल्या गटात २८ दिवसांतले मृत्यू ५५.३ टक्के, तर कमी पीपच्या गटात ४९.३ टक्के झाले. त्यानंतर, दाब दीर्घकाळ चढा ठेवणारी ही कृती सरसकट करू नये, असं मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. तेव्हा भाषांतरात ‘फुफ्फुसे पूर्ववत होतील’ असं वाक्य येता कामा नये. ‘ऑक्सिजन काही काळ सुधारू शकतो’ इतकंच लिहावं.

फायद्याचा भक्कम पुरावा साध्या वाटणाऱ्या दोन गोष्टींना आहे: छोटा श्वास आणि पालथं झोपवणं. श्वास अपेक्षित वजनाच्या दर किलोला ६ मिलिलिटर देतात. हे वजन काट्यावरचं नसतं, उंचीवरून काढतात. १६५ सेंटिमीटर उंचीच्या पुरुषाचं ते सुमारे ६१.५ किलो येतं, म्हणजे श्वास साधारण ३७० मिलिलिटरचा. ‘आयडियल बॉडी वेट’चं ‘आदर्श वजन’ केलं की वाचणाऱ्याला आहाराचा सल्ला वाटतो, म्हणून ‘उंचीनुसार अपेक्षित वजन’ लिहावं. मध्यम ते तीव्र आजारात रोज किमान १२ ते १६ तास सलग पालथं ठेवलं की पाठीकडचा भाग वजनातून मोकळा होऊन पुष्कळदा आपोआप उघडतो. ‘प्रोन पोझिशन’साठी ‘पालथे’ इतका नेमका शब्द असताना ‘अधोमुख स्थिती’ कशाला?

‘डीरिक्रूटमेंट’ला ‘पुन्हा मिटणे’ म्हणावं. रुग्णाची श्वासाची नळी व्हेंटिलेटरपासून सुटली की पीप जातो आणि उघडलेले वायुकोश काही क्षणांतच मिटू लागतात. कफ ओढण्यासाठी बंद सक्शन, म्हणजे नळी न सोडवता कफ ओढण्याची सोय, वापरतात ते यासाठीच. नळी सोडवावीच लागली तर आधी ती चिमट्याने (क्लॅम्पने) बंद करतात. परिचारिकांसाठीच्या सूचनापत्रात हे वाक्य ठळक अक्षरात द्यावं: ‘नळी चिमट्याने बंद केल्याशिवाय व्हेंटिलेटरपासून वेगळी करू नये.’