शो जम्पिंगमध्ये, म्हणजे घोड्यावर बसून अडथळे ओलांडण्याच्या खेळात, खरं काम घोड्याचं, मग निक स्केल्टन या ब्रिटिश रायडरचा इतका मान का?

घोडा उडी मारतो हे खरंच. पण स्केल्टन यांचे घोडे बदलत गेले आणि निकाल मात्र टिकले, म्हणून हा मान आहे.

1978 मध्ये लास्टिक या घोड्यावर त्यांनी उंच उडीचा ब्रिटिश विक्रम केला. 1988 आणि 1989 ची इंग्लंडमधली हिकस्टेड डर्बी स्पर्धा अपोलोवर जिंकली, 1995 ची वर्ल्ड कप फायनल डॉलर गर्लवर. 2000 मध्ये पडून मान मोडली, 2001 मध्ये निवृत्ती जाहीर केली आणि 2002 मध्ये ते पुन्हा खोगिरावर होते. लंडन 2012 चं सांघिक सुवर्ण आणि रिओ 2016 चं वैयक्तिक सुवर्ण बिग स्टारवर मिळालं. रिओत त्यांचं वय होतं 58.

रिओचा जम्प-ऑफ, म्हणजे बरोबरीत असलेल्यांची वेळेवर ठरणारी निर्णायक फेरी, नीट बघण्यासारखा आहे. सहा जण बिनचूक (एकही दांडा न पाडता) राहिले होते आणि स्केल्टन यांना सगळ्यात आधी जायचं होतं. ही सर्वांत अवघड जागा, कारण किती वेळ पुरेल हे कळायला समोर आकडाच नसतो. जम्प-ऑफमध्ये वेळ वाचतो तो मुख्यतः वळणावर. पण वळण आत घेतलं की अडथळ्याआधी ढांगा कमी मिळतात, घोडा लांब आणि सपाट होतो, आणि उडीची कमान खाली येते. अडथळ्याचा दांडा उथळ वाटीत नुसता टेकलेला असतो. मागच्या खुराचा जरासा धक्काही त्याला पुरतो. दांडा पडला की 4 पेनल्टी, मग वेळ कितीही चांगली असो. स्केल्टन यांनी बिनचूक 42.82 सेकंद लावले. पेडर फ्रेड्रिक्सन बिनचूक राहिले, पण 43.35. एरिक लमाझ 42.09 मध्ये आले, एक दांडा पाडून, आणि कांस्यावर थांबले. लंडनला वैयक्तिक स्पर्धेत शेवटच्या फेरीतल्या एका दांड्यानेच स्केल्टन यांचं पदक गेलं होतं.

क्रमवारीवरून मोठेपण ठरवू नका, असं मी म्हणेन. एफईआय या आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाच्या जागतिक क्रमवारीत 12 महिन्यांतले रायडरचे सर्वोत्तम 30 निकाल धरतात, घोडा कोणताही असो. ज्याच्याकडे तीन-चार तयार घोडे आणि ते विकायची घाई नसलेले मालक आहेत, त्याला हे सोपं जातं. एकाच घोड्यावर भिस्त असेल तर नाही, कारण 1.60 मीटर उंच अडथळ्यांच्या ग्रांप्री (सर्वांत मोठ्या स्पर्धा) त्या घोड्याला दर आठवड्याला उडवल्या तर त्याचे पाय टिकत नाहीत. बिग स्टारही दुखापतींमुळे बराच काळ बाहेर होता, आणि त्याला घाईने मैदानात आणलं नाही म्हणून रिओ शक्य झालं.

लोकांमधली ओळख जवळजवळ पूर्णपणे ऑलिंपिकवर अवलंबून असते. 2016 मध्ये बीबीसीच्या वर्षातील सर्वोत्तम खेळाडूंच्या मतदानात स्केल्टन तिसरे आले, 2017 मध्ये सीबीई हा ब्रिटिश सन्मान मिळाला. दुसरे ब्रिटिश रायडर स्कॉट ब्रॅश यांनी जिनिव्हा, आखेन आणि कॅलगरी अशा तीन ग्रांप्री लागोपाठ जिंकून 2015 मध्ये रोलेक्स ग्रँड स्लॅम हा किताब पूर्ण केला. या खेळात ही प्रचंड मोठी गोष्ट आहे, पण बाहेर फार थोड्यांना ठाऊक आहे. मला ते अन्यायाचं वाटतं.

कोणत्याही रायडरची कारकीर्द पाहायची तर पदकांच्या आधी निकालांतला घोड्याच्या नावाचा रकाना वाचा. दहा-पंधरा वर्षांत तीन-चार वेगळी नावं 1.60 वर बिनचूक फेऱ्या देताना दिसली, तर श्रेय रायडरचं. सगळं यश एकाच नावापुढे असेल, तर तो घोडा निवृत्त झाल्यानंतरची दोन-तीन वर्षं तपासा.