को-ऑप ॲक्शन आरपीजीमध्ये इन्व्हेजनवालं पीव्हीपी घालायचंय, शस्त्रांच्या बॅलन्सपासून सुरुवात करू का?

तुमच्या प्रश्नावरून चित्र असं दिसतं: तिघांची टीम, तलवार-भाला-जादूचा ॲक्शन आरपीजी, चौघांपर्यंतचं को-ऑप (एकत्र खेळणं) पीअर-टू-पीअर, म्हणजे खेळाडूंच्या मशीन थेट एकमेकांना जोडून, चालतंय, राक्षसांशी लढाई नीट बसली आहे. आता एका खेळाडूने दुसऱ्याच्या जगात घुसून हल्ला करायची सोय, म्हणजे इन्व्हेजन, घालायचं आहे. (खेळाडू विरुद्ध खेळाडू ही लढत पीव्हीपी, खेळाडू विरुद्ध राक्षस ती पीव्हीई.)

शस्त्रांपासून सुरुवात करू नका. इन्व्हेजनमध्ये हरलेला माणूस ज्याला अन्याय म्हणतो, तो बहुतेक वेळा पहिला वार पडण्याआधीच होऊन गेलेला असतो. कोण कोणाच्या जगात पोचला, वार लागला हे कोणाच्या मशीनने ठरवलं आणि डॅमेजचे आकडे कुठल्या तक्त्यातून आले, यातलं एक जरी चुकलं असेल तर कुऱ्हाडीचं डॅमेज ४२० वरून ३९० करून काहीही हाती लागत नाही.

सगळ्यात आधी वाराचा निकाल. समजा दोघांमधलं पिंग (डेटा जाऊन परत यायला लागणारा वेळ) ८० मिलिसेकंद आहे, म्हणजे एका बाजूचा प्रवास ४०. तुम्ही सेकंदाला २० पॅकेट पाठवता, म्हणजे दर ५० मिलिसेकंदांनी एक. हालचाल गुळगुळीत दिसावी म्हणून दोन पॅकेटांचा बफर ठेवला असेल, तर तिथे आणखी १०० जातात. म्हणजे स्क्रीनवर दिसणारा शत्रू १४० मिलिसेकंद जुना असतो. ६० एफपीएसला (सेकंदाला ६० फ्रेम) हे आठ फ्रेम झाले. तो सेकंदाला ५ मीटर वेगाने धावत असेल, तर दिसतो तिथून प्रत्यक्षात ७० सेंटिमीटर पुढे गेलेला असतो. पिंग २०० झालं की हेच अंतर एक मीटर होतं.

आता समोरच्याने रोल मारला, म्हणजे वार चुकवायला लोळण घेतली. त्याचा रोल तुमच्या स्क्रीनवर १४० मिलिसेकंद उशिरा सुरू होणार. तो सुरू व्हायच्या जरा आधी, समजा १३० व्या मिलिसेकंदाला, तुमची तलवार त्याला लागली. ही बातमी त्याच्याकडे १७० व्या मिलिसेकंदाला पोचते, तेव्हा तो स्वतःच्या स्क्रीनवर रोलच्या ऐन मध्यात असतो. त्याच्या दृष्टीने त्याने वार चुकवलेला आहे, तुमच्या दृष्टीने वार स्वच्छ बसला आहे, आणि दोघंही खरं बोलत आहेत.

पूर्ण निकाल हल्ला करणाऱ्याच्या मशीनकडे दिला, तर रोल ही भरवशाची गोष्ट राहत नाही. पूर्ण निकाल मार खाणाऱ्याकडे दिला, तर तलवार अंगातून आरपार जाते आणि काहीच होत नाही. माझं मत मधल्या मार्गाचं आहे: अंतर आणि हिटबॉक्स (वार लागू शकेल अशी शरीराभोवतीची अदृश्य चौकट) हल्लेखोराच्या मशीनने ठरवावं, आणि नकाराधिकार फक्त तीन गोष्टींपुरता मार खाणाऱ्याकडे ठेवावा. रोलचे सुरक्षित फ्रेम (ज्यांत वार लागतच नाही), पॅरी (ऐन वेळी वार परतवणं) आणि ढाल. वाराच्या पॅकेटमध्ये वाराचा क्रमांक, ॲनिमेशनचा फ्रेम आणि समोरच्याची कुठल्या वेळेची जागा पाहून वार केला, एवढं पाठवा. समोरच्या मशीनने फक्त इतकंच तपासायचं: हे पॅकेट पोचलं तेव्हा मी सुरक्षित फ्रेममध्ये होतो का, पॅरी करत होतो का, ढाल वर होती का. अंतर पुन्हा मोजायचं नाही. फक्त अशक्य गोष्टी, उदाहरणार्थ दीड मीटरच्या तलवारीचा सहा मीटरवरून वार, फेकून द्यायच्या.

हल्लेखोराच्या स्क्रीनवर आवाज आणि ठिणगी लगेच दाखवा, रक्त आणि एचपीची (जीवनशक्तीच्या आकड्याची) घट मात्र होकार आल्यावरच. हे उलटं केलंत, म्हणजे एचपी आधी कमी करून मग परत वाढवलात, तर लोक चीटिंगचे रिपोर्ट टाकत सुटतील.

या पद्धतीचा तोटाही सांगतो. खराब नेटवाल्याला चुकवण्यात थोडा फायदा मिळतो, आणि काही जण मुद्दाम नेट अडवतात. म्हणून २५० मिलिसेकंद पॅकेट आलं नाही तर त्या खेळाडूचे वार गोठवा, आणि तीन सेकंद आलं नाही तर लढत त्याच्या हरण्यात मोजा. हे आकडे सुरुवातीचे समजा, तुमच्या लॉगमधून ते घट्ट करा.

बॅकस्टॅबची, म्हणजे पाठीमागून केलेल्या खास वाराची, गोष्ट वेगळी, कारण तिथे दोन शरीरं एकाच ॲनिमेशनमध्ये अडकतात. पहिल्या डार्क सोल्सच्या (२०११) पीव्हीपीत बॅकस्टॅबचं राज्य होतं, आणि समोर उभ्या माणसाच्या पाठीत सुरा बसल्याच्या तक्रारींना 'लॅगस्टॅब' असं नावच पडलं. ७० सेंटिमीटरचा वरचा हिशोब डोळ्यांसमोर ठेवला की कारण कळतं: तुमच्या स्क्रीनवर त्याची पाठ आहे, पण तो केव्हाच वळलेला आहे. डार्क सोल्स २ मध्ये बॅकस्टॅबच्या आधी एक छोटी हालचाल जोडली गेली, ती लागली तरच पुढचं. तुम्हीही तेच करा, १२ ते १५ फ्रेमची पूर्वतयारी ठेवा, म्हणजे दोन्ही मशीनना बोलायला वेळ मिळतो.

फायटिंग गेममधलं रोलबॅक का नको, हा प्रश्न मनात येईलच. जीजीपीओ या लायब्ररीसारख्या रोलबॅकमध्ये फक्त बटणं पाठवली जातात. दोन्हीकडे जग तंतोतंत सारखं चालावं लागतं आणि चूक निघाली की मागचे सात-आठ फ्रेम एका फ्रेमच्या वेळात पुन्हा चालवावे लागतात. दोन खेळाडू आणि एक सपाट मंच असेल तर ठीक. तुमच्याकडे राक्षसांचा एआय, फिजिक्स, पडणारी भांडी, चार खेळाडू आहेत. तिघांच्या टीमने यात हात घालू नये.

लॅगचा (नेटच्या उशिराचा) दुसरा इलाज नेटकोडमध्ये नसून ॲनिमेशनमध्ये आहे. दिसलेल्या गोष्टीला हाताने प्रतिसाद द्यायला माणसाला साधारण २५० मिलिसेकंद लागतात. त्यात वरचे १४० मिळवा, ३९० झाले, म्हणजे ६० एफपीएसला सुमारे २३ फ्रेम. ज्या वाराची उचल (वार लागण्याआधीची तयारीची हालचाल) २३ फ्रेमपेक्षा लांब आहे तो पाहून चुकवता येतो, त्याला मोठं डॅमेज द्यायला हरकत नाही. ज्याची उचल १० ते १५ फ्रेमची आहे तो पाहून चुकवणं कोणालाच शक्य नाही, त्याचा फक्त अंदाज बांधता येतो. अशा वाराला एकूण एचपीच्या १० ते १२ टक्क्यांपेक्षा जास्त देऊ नका, आणि त्यातून सलग दोनपेक्षा जास्त हिट अडकवू देऊ नका. कागदावर प्रत्येक शस्त्राची उचल, हिटचे फ्रेम आणि सावरण्याचे फ्रेम लिहा. हा तक्ता बॅलन्सचं निम्मं काम करून टाकतो.

आता आकडे. राक्षसांसाठी बसवलेलं डॅमेज माणसावर तसंच वापरता येत नाही, कारण एचपीचं प्रमाणच वेगळं असतं. एल्डन रिंगमध्ये व्हिगर (एचपी वाढवणारा गुण) ६० ला खेळाडूचा एचपी १,९०० असतो, आणि मलेनिया या बॉसचा ३३ हजारांहून जास्त. हजाराचा वार बॉसला तेहतीस-चौतीस वेळा मारावा लागतो, माणूस दोनात संपतो. म्हणूनच डायब्लो २ मध्ये खेळाडूचं खेळाडूला होणारं डॅमेज थेट एक षष्ठांशावर आणलं होतं. एल्डन रिंग फेब्रुवारी २०२२ मध्ये आला, पण शस्त्रं, कौशल्यं आणि मंत्र यांचे पीव्हीपीचे आकडे पीव्हीईपासून वेगळे करायची सोय १.०७ पॅचमध्ये, म्हणजे ऑक्टोबर २०२२ मध्ये आली. त्याआधी ज्या गोष्टींवर कात्री चालली, ती एकट्याने खेळणाऱ्यांवरही चालली.

तुमच्याकडे अजून वेळ आहे, म्हणून प्रत्येक वाराच्या नोंदीत पहिल्या दिवसापासून दोन स्तंभ ठेवा. आणि फक्त डॅमेजचे नकोत. पॉइज (वार खाऊनही न डगमगण्याची क्षमता) तोडण्याची ताकद, रक्तस्राव किंवा विष साठण्याचा वेग, शत्रूकडे आपोआप वळण्याची मर्यादा, स्टॅमिना खर्च, हे सगळं दोन्हीकडे. टक्क्यांत एचपी कापणारे परिणाम विशेष जपा, त्यांना सर्वसाधारण गुणकातून (सगळ्या डॅमेजला लावलेल्या सरसकट घटीतून) सूट मिळून जाते आणि महिन्याभरात प्रत्येक इन्व्हेडरच्या हातात तेच शस्त्र दिसतं. लक्ष्य म्हणून मी असं धरतो: सारख्या लेव्हलच्या दोघांत पाच ते सात स्वच्छ वारांत एक जण पडावा. तीनांत पडला तर लॅगची एक चूक जीव घेते. बारा लागले तर औषध पिण्याची शर्यत होते.

पीव्हीपी मागाहून चिकटवणं मोठ्या कंपनीलाही जड जातं. डायब्लो ३ साठी संघांच्या लढाईचं आखाडा-पीव्हीपी २०१० मध्ये दाखवलं गेलं, डिसेंबर २०१२ मध्ये ते बाजूला ठेवल्याचं जाहीर झालं, आणि फेब्रुवारी २०१३ च्या १.०.७ पॅचमध्ये साधी कुस्तीसारखी 'ब्रॉलिंग' तेवढी आली. गुणही नाहीत, इनामही नाही.

मॅचमेकिंगला, म्हणजे कोणाची जोडी कोणाशी लावायची याला, मात्र जास्त वेळ द्या, कारण इथल्या चुका पॅचने धुता येत नाहीत, लोकांची कॅरेक्टरं आधीच घडलेली असतात. पहिल्या डार्क सोल्समध्ये फक्त लेव्हल पाहिली जायची. रेड आय ऑर्ब या घुसण्याच्या वस्तूने स्वतःपेक्षा १० टक्के खालपासून वर कितीही लेव्हलच्या जगात घुसता येई, सामग्री कोणी मोजतच नव्हतं. परिणाम असा की लोक लेव्हल खाली ठेवून शेवटच्या भागातली शस्त्रं मिळवत आणि अनडेड बर्ग या सुरुवातीच्या भागात नवख्यांची कत्तल करत. डार्क सोल्स २ ने (२०१४) लेव्हलऐवजी आयुष्यभरात मिळवलेल्या एकूण सोल्सवर (शत्रू मारून मिळणाऱ्या चलनावर) जोडी लावली. खालचे शिकारी अडले, पण मरून गमावलेले सोल्सही मोजले जात. जिंकणारा प्रत्येक विजयागणिक वरच्या गटात ढकलला जाई, आणि सोबत खेळणारे दोन मित्र हळूहळू एकमेकांच्या कक्षेबाहेर जात. शेवटी २०१५ मध्ये सोल्स शोषून घेणारी अगापे रिंग द्यावी लागली.

डार्क सोल्स ३ आणि एल्डन रिंगने लेव्हलसोबत शस्त्राची कमाल वाढवलेली पातळी धरली, तीही एकदा हातात आली की कायमची नोंदलेली. माझ्या मते हेच सर्वांत चांगलं उत्तर आहे. एक खाच तेवढी आहे: मित्राने प्रेमाने टाकलेली वाढवलेली तलवार नवख्याने उचलली, की तो नकळत वरच्या गटात जाऊन पडतो. उचलण्याआधी स्पष्ट सूचना दाखवा, किंवा दिलेल्या शस्त्राची पातळी घेणाऱ्याच्या पातळीपर्यंत खाली आणा.

पण गटांची हौस महागात पडते. समजा रात्री ३०० जण ऑनलाइन आहेत. ३ प्रदेश, १० लेव्हल गट, ५ शस्त्र गट केले तर १५० खोके झाले, एका खोक्यात दोन माणसं. म्हणून गट वेळेनुसार सैल करा: पहिले १० सेकंद काटेकोर, पुढचे २० सेकंद लेव्हलची मर्यादा सैल, त्यानंतर प्रदेश. शस्त्राची पातळी शेवटपर्यंत सैल करू नका.

प्रदेशाचा हिशोब आपल्याकडे जास्त बोचतो. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई ते टोकियो सरळ रेषेत सुमारे ६,७०० किलोमीटर आहे, म्हणजे जाऊन-येऊन ६७ मिलिसेकंद हा निसर्गाचाच किमान दर. केबल वळणं घेत जाते, मध्ये राउटर असतात, त्यामुळे प्रत्यक्ष आकडा याच्या बराच वर. सिंगापूरसाठी किमान दर ३९. नाशिक-पुण्याच्या खेळाडूला रात्री बारानंतर भारतात जोडी मिळाली नाही तर आधी सिंगापूर, मग टोकियो असा क्रम लावा. आणि प्रदेशाबाहेर खेळायचं की नाही हा पर्याय सेटिंगमध्ये ठेवा.

इन्व्हेडर (घुसणारा) आणि होस्ट (ज्याच्या जगात घुसलं तो) यांची ताकद सारखी असावी असा आग्रह धरू नका. एल्डन रिंगमध्ये होस्टने सोबती बोलावला असेल किंवा स्वतःहून आव्हानाची वस्तू वापरली असेल तरच घुसता येतं, म्हणजे इन्व्हेडर बहुधा एकटाच दोघा-तिघांसमोर असतो. त्याच्याकडे औषधाच्या कुप्याही निम्म्याच. मोबदल्यात राक्षस त्याच्या वाटेला जात नाहीत, आणि तो जागा निवडतो. हा सौदा मला पटतो, कारण एकट्याने गोष्ट अनुभवणाऱ्याला कोणी छेडत नाही. समसमान लढत हवी असणाऱ्यांसाठी वेगळा आखाडा द्या, तिथे कुप्या शून्य किंवा सारख्या. इनाम छोटं ठेवा, आणि त्याच माणसाला तासात तिसऱ्यांदा मारल्यावर शून्य, नाहीतर दोन मित्र एकमेकांना मारून साठा करतात.

सुरक्षेला 'नंतर बघू' म्हणू नका. जानेवारी २०२२ मध्ये डार्क सोल्स मालिकेचे पीसीवरचे सर्व्हर बंद करावे लागले, कारण एका खेळाडूला दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर आपला कोड चालवता येईल असं छिद्र निघालं होतं. मालिकेतले गेम त्या वर्षाच्या उत्तरार्धात टप्प्याटप्प्याने परत आले, पण प्रिपेअर टू डाय ही जुनी पीसी आवृत्ती आलीच नाही. येणाऱ्या प्रत्येक पॅकेटची लांबी, प्रकार आणि मर्यादा तपासा, अनोळखी वस्तूचा क्रमांक आला तर पॅकेट टाकून द्या. स्टीमवर असाल तर स्टीम चालवणाऱ्या वाल्वचं रिले, म्हणजे पॅकेट मधल्या सर्व्हरमधून पाठवणारी सोय, वापरा, त्यामुळे खेळाडूंना एकमेकांचे आयपी पत्ते दिसत नाहीत.

चाचणी ऑफिसच्या वायफायवर दोन लॅपटॉप ठेवून करू नका, तिथे सगळं सुंदर चालतं. नेट मुद्दाम बिघडवणारी साधनं, लिनक्सवर नेटएम, विंडोजवर क्लम्झी, वापरून पिंग ४०, १०० आणि १८० करा, त्यावर २० मिलिसेकंदांची चढउतार आणि २ टक्के पॅकेट गळती लावा. दोन्ही स्क्रीन एकाच व्हिडिओत शेजारी रेकॉर्ड करा, कोपऱ्यात फ्रेम क्रमांक छापा. मग फक्त दोन माणसं, एक तलवार, एक रोल, शंभर वार. किती वेळा दोन्ही स्क्रीनवर निकाल वेगळा दिसला ते मोजा. १०० पिंगला शंभरात पाचपेक्षा जास्त निघाले, तर आधी तेच दुरुस्त करा. दुसऱ्या शस्त्राला त्यानंतर हात लावा.