पहिला खर्डा झाल्यावर

प्रिय,

कादंबरी लिहून झाली, आता प्रकाशकाकडे पाठवू का, असं विचारलंयस. आत्ता नको. महिनाभर तरी बाजूला ठेव, मग प्रिंट काढ. दोन ओळींत दुप्पट अंतर, उजवीकडं भरपूर समास, पानांना आकडे.

पहिलं वाचन सलग कर. हातात फक्त पेन्सिल. वाक्य दुरुस्त करायचं नाही; जिथं कंटाळा येईल तिथं समासात उभी रेघ ओढायची अन् पुढं जायचं. बहुतेक जण इथंच फसतात. पहिल्या पानापासून ऱ्हस्व-दीर्घ बघत, शब्द घासत बसतात. चाळीस पानं चकाचक होतात आणि मग कळतं, ते प्रकरणच नको होतं. तेव्हा मात्र इतकं घासलेलं पान काढायला हात धजत नाही.

नंतर एक वही घे. प्रत्येक प्रकरणाला एक ओळ: महिना-वर्ष, कुणाच्या नजरेतून, आणि प्रकरण संपताना काय बदललं. शेवटचा रकाना रिकामा राहिला, तर ते प्रकरण दुसऱ्यात मिसळ किंवा काढून टाक. आपल्याकडच्या खर्ड्यात हमखास रिकामी निघतात ती सुरुवातीची पानं: वेस, पार, मारुती, चावडी, सगळ्या भावकीची ओळख. भांडण येतं तिसाव्या पानावर. भांडणापासूनच सुरू कर. वेस जाता-येता दिसेलच.

महिन्याचा रकाना आळस न करता भर. कथा लातूर जिल्ह्यातल्या औशाकडची, १९७२ ते १९९३ मधली आहे म्हणतोस, तर चुका कुठं लपतात ते सांगतो. १९७२ च्या दुष्काळाच्या प्रकरणात शिवारभर सोयाबीन दिसलं तर जाणता वाचक तिथंच पुस्तक मिटेल. तेव्हा माणसं खडी फोडायच्या कामावर होती आणि ताटात मिलो ही परदेशातून आलेली तांबडी ज्वारी, नाहीतर वाटपाची सुकडी होती. १९८२ पर्यंत लातूर हा उस्मानाबाद जिल्ह्याचाच भाग, म्हणून त्याआधी कलेक्टरकडं निघालेल्या माणसाला उस्मानाबादच्याच गाडीत बसव. अन् त्या काळातल्या पात्राच्या तोंडी धाराशिव जिल्हा, छत्रपती संभाजीनगर अशी आजची अधिकृत नावं सहज येतात, तीही तपास. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचा, आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. म्हणजे त्या रात्री माणसं विसर्जनाहून उशिरा परतलेली असणार. आणि त्याच आठवड्यात तुझी पात्रं हुरडा खात असतील तर गडबड आहे. रब्बीची ज्वारी तेव्हा पेरायचीच असते.

बोलीचं काम वेगळ्या फेरीत कर. आधी ठरव, निवेदन प्रमाण भाषेत की बोलीत. मग एकेका पात्राचे संवाद वेगळ्या फायलीत उतरवून सलग वाच. तिसऱ्या प्रकरणात ‘व्हय’ म्हणणारी म्हातारी नवव्यात ‘हो’ म्हणत असेल, तर ते असंच सापडतं. लातूर-उदगीरकडचा ‘करलालाय’ आणि परभणीकडचा ‘करायलाय’ एकाच घरात नांदत असतील, तर सून परभणीची आहे हे वाचकाला माहीत पाहिजे. ‘न्हाई’, ‘नाई’, ‘नाही’ असं तीन तऱ्हेनं लिहू नकोस, पात्रागणिक एक ठरवून टाक. बोलीतल्या शब्दापुढं कंसात दिलेले अर्थ सरसकट काढ. वाक्यातून अर्थ लागत नसेल तर वाक्य बदल.

कापलेला मजकूर फेकू नकोस, ‘काढलेलं’ नावाच्या फायलीत टाक. म्हणजे कापताना जीव अडकत नाही. प्रत्येक फेरीला तारीख घालून नवी फाइल. टायपिंग जुन्या फॉन्टमध्ये असेल तर युनिकोडमध्ये बदलल्यावर रफार आणि जोडाक्षरं तपास, तिथंच मोडतोड होते. लांबीचा विचारही आत्ताच कर: पानाला साधारण ३०० शब्द धरले तर ९०,००० शब्दांची ३०० पानं, म्हणजे १६ पानी एकोणीस फॉर्म. फॉर्म म्हणजे एका मोठ्या कागदावर एकत्र छापली जाणारी पानं. प्रकाशक खर्चाचं गणित फॉर्मावरच मांडतो. शुद्धलेखन सगळ्यात शेवटी.

मग दोघांना वाचायला दे, एक त्याच भागातला, एक बाहेरचा. ‘कशी वाटली’ विचारशील तर ‘छान’ एवढंच ऐकू येईल. ‘कोणत्या पानावर खाली ठेवलीस’ असं विचार, आणि तो आकडा तुझ्या पेन्सिलीच्या रेघांशी ताडून बघ.

मला सध्या हस्तलिखित नको. वही भरली की तिचे फोटो पाठव.