रात्रीची गोळी आणि उडालेली झोप

प्रश्न : माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे. गुडघे, घोटे, मनगटं आणि हाताची बोटं सुजायला लागली, तेव्हा तपासण्या होऊन बालसंधिवाताचं निदान झालं. आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट हे संधिवात आवरणारं औषध सुरू आहे. त्याचा गुण येईपर्यंत प्रेडनिसोलोन १० मिलिग्रॅम सकाळी आणि १० मिलिग्रॅम रात्री जेवणानंतर दिलं आहे. सूज उतरली, तो पुन्हा जिने चढायला लागला, पण झोप पार उडाली. बारा वाजेपर्यंत टक्क जागा असतो, अखंड बडबडतो, मध्येच कारण नसताना रडतो. दीड-दोनला उठून खायला मागतो. शाळेत डुलक्या घेतो म्हणून बाई रागावतात. घरात सगळे म्हणतात, आजारपणात लाडावलाय. सासूबाई म्हणतात, रात्रीची गोळी बंद करून बघ. मी काय करू? – एक आई

उत्तर : ताई, सगळ्यात आधी एक सांगते. गोळी तुमच्या मनाने बंद करू नका, एक दिवसासाठीसुद्धा नाही. सासूबाईंचा अंदाज अर्धा बरोबर आहे, घोळ रात्रीच्या गोळीचाच आहे. पण तो बहुतेक तिच्या वेळेचा आहे आणि वेळ बदलता येते.

आपल्या मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी कॉर्टिसोल नावाचं संप्रेरक बनवतात. त्याचं प्रमाण पहाटेपासून चढत जातं, सकाळी सर्वांत जास्त असतं आणि मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत कमी. शरीराला दिवस उजाडल्याची आणि रात्र झाल्याची खूण पटते, त्यात या चढउताराचा मोठा वाटा असतो. प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड त्याच कुळातलं, पण चौपट जोरकस आहे. त्याचे ५ मिलिग्रॅम म्हणजे हायड्रोकॉर्टिसोनचे (औषधरूपातल्या कॉर्टिसोलचे) २० मिलिग्रॅम. तुमचा मुलगा रात्री जेवून १० मिलिग्रॅम घेतो, तेव्हा त्याचं शरीर अख्ख्या दिवसात जेवढं संप्रेरक तयार करतं त्याच्या कितीतरी पट औषध नेमकं झोपेच्या वेळी अंगात शिरतं. त्याचा परिणाम बारा तासांहून जास्त टिकतो. मेंदूला वाटतं, सकाळ झाली. मग मूल बडबडणार नाही तर काय करेल?

म्हणून उद्याच तुमच्या डॉक्टरांना फोन करा आणि नेमकं विचारा : दिवसाचा सगळा डोस सकाळी नाश्त्यानंतर एकदम देता येईल का? पुष्कळ मुलांना तो तसाच देतात. काही मुलांना, विशेषतः संध्याकाळी ताप चढणाऱ्या प्रकारात, सुरुवातीला दिवसातून दोनदा औषध लागतं. तसं असेल तर दुसरा डोस दुपारी लवकर, शाळेच्या डब्याबरोबर चालेल का, हे विचारा. वेळ कशी सरकवायची, बदलाच्या दिवशी किती गोळ्या द्यायच्या, हे त्यांच्याकडूनच लिहून घ्या.

बंद का करायची नाही, तेही सासूबाईंना समजावून सांगा. बाहेरून इतकं स्टिरॉइड मिळायला लागलं की त्या ग्रंथी आपलं काम थांबवतात. काही आठवडे औषध चालल्यावर ते अचानक तोडलं, तर अंगात ना बाहेरचं उरतं ना आतलं. मूल गळून जातं, उलट्या होतात, रक्तदाब घसरतो, जिवावरही बेतू शकतं. म्हणून डोस पायरीपायरीने उतरवतात. याच कारणाने एक लक्षात ठेवा : उलट्यांमुळे गोळी पोटात टिकतच नसेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा, दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका.

आता रात्रीच्या भुकेविषयी. ही भूक खरी असते. स्टिरॉइडवरच्या मुलांना जेवून उठल्यावर तासाभरात पोट रिकामं वाटतं. डब्यांना कुलूप लावून किंवा रागावून ती जात नाही, मूल फक्त लपूनछपून खायला शिकतं. रात्रीच्या जेवणात प्रथिनं आणि भाज्या वाढवा, गोड कमी करा. झोपण्याआधी काहीतरी थोडकं, पोटाला आधार देणारं त्याला हक्काने मिळू द्या. मात्र त्याला तहानही फार लागत असेल, लघवीला सारखं उठावं लागत असेल, तर रक्तातली साखर तपासून घ्या. या औषधाने ती वाढू शकते.

माझ्याकडे येणाऱ्या मुलांना मी आईवडिलांसमोरच विचारते, झोप येत नाही तेव्हा तू काय करतोस? एक मुलगा म्हणाला, "मी छताकडे बघत पाढे म्हणतो, म्हणजे आई उठणार नाही." त्याच्या आईला वाटत होतं, तो मुद्दाम झोपत नाही. लाडावलाय म्हणणाऱ्या सगळ्यांना मला हेच सांगावंसं वाटतं की या वयाच्या मुलाला जागं राहायला आवडत नाही. अंधारात एकट्याने जागं राहणं त्याला नको असतं. ते रडणंही बहुतेक औषधाचंच आहे. त्याला स्पष्ट सांगा, "हे गोळीमुळे होतंय, तुझं काही चुकत नाही." हे ऐकल्यावर मुलं केवढी सैल पडतात, ते मी पाहिलंय. शाळेच्या बाईंनाही चिठ्ठी द्या. चिठ्ठीत औषधाचं नाव लिहा, म्हणजे डुलकी म्हणजे आळस नव्हे, हे त्यांना कळेल.

सहा ते बारा वर्षांच्या मुलांना दिवसाकाठी ९ ते १२ तास झोप लागते. ती रात्री भरत नसेल, तर शाळेतून आल्यावर थोडा वेळ झोपू द्या, पण संध्याकाळपर्यंत नको. उठायची वेळ सुट्टीच्या दिवशीही तीच ठेवा. चहा, कोला, चॉकलेट दुपारनंतर बंद. मोबाइल झोपायच्या तासभर आधी खोलीबाहेर. बराच वेळ झोप आली नाही, तर त्याला अंथरुणात तळमळत ठेवू नका. मंद उजेडात पुस्तक वाचायला द्या आणि डोळे जड झाले की पुन्हा आडवं करा. झोपेचं किंवा सर्दीचं सिरप आपल्या मनाने पाजू नका. गुंगी आणणाऱ्या अशा काही औषधांनी लहान मुलं उलटी चेकाळतात. झोपेसाठी मिळणारं मेलाटोनिनसुद्धा डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, कारण प्रतिकारशक्तीच्या कामाशी त्याचा संबंध आहे आणि तुमच्या मुलाचा आजार तिथलाच आहे.

मेथोट्रेक्सेटचा गुण पूर्ण यायला साधारण दोन ते तीन महिने लागतात. तो येत गेला की प्रेडनिसोलोन उतरवता येतं आणि डोस उतरला की झोपही बहुतेक मुलांची सावरते.

प्रश्न : माझी मुलगी तेरा वर्षांची, तिलाही बालसंधिवात आहे. प्रेडनिसोलोन कमी करत करत ५ मिलिग्रॅमवर आणलं आहे, तेही फक्त सकाळी. रात्री ती वेळेवर झोपते, पण पहाटे चारला उठून बसते, कधी कुशीवर वळतानाही कण्हते. हेसुद्धा स्टिरॉइडमुळेच का? – एक वडील

उत्तर : मला तसं वाटत नाही. असं पत्र आलं की मी पहिल्यांदा जाग येण्याची वेळ बघते. औषधाने उडालेली झोप बहुतेक वेळा रात्रीच्या सुरुवातीलाच उडते, मूल लवकर झोपतच नाही. तुमची मुलगी झोपते आणि पहाटे दुखण्याने उठते. सांध्यांतली सूज वाढवणारी रसायनं पहाटे जास्त असतात, रात्रभर न हललेले सांधे त्यात आखडतात. डोस उतरवताना असं सुरू झालं असेल, तर आजार पुन्हा डोकं वर काढतो आहे का, हे बघायला हवं.

पुढच्या भेटीआधी थोडे दिवस एका वहीत लिहून ठेवा : किती वाजता जाग आली, कुठला सांधा दुखला, सकाळी उठल्यावर आखडलेपण किती वेळात गेलं. हे शेवटचं सर्वांत महत्त्वाचं. पंधरा मिनिटांत मोकळी होणारी मुलगी आणि तासभर भिंतीला धरून चालणारी मुलगी, यांच्या उपचारात फरक करावा लागतो. या वयाच्या मुली दुखणं लपवतात, विशेषतः आई-बाबा आधीच काळजीत आहेत हे दिसत असेल तर. म्हणून वही तिच्याच हाती द्या.

अपुऱ्या झोपेने दुखणं जास्त जाणवतं आणि दुखण्याने झोप मोडते. एकदा हे फिरायला लागलं की नुसत्या शिस्तीने थांबत नाही, सूज आवरावी लागते. मुलगी सूज कमी करणारी वेदनाशामक गोळी घेत असेल, तर त्या गोळीची एक वेळ रात्री ठेवता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. झोपण्याआधी आणि उठल्यावर कोमट पाण्याची अंघोळ सांधे मोकळे करते. मनगटासाठी रात्री बांधायचा स्प्लिंट, म्हणजे सांध्याला आधार देणारा पट्टा, मिळतो, फिजिओथेरपिस्ट तो तिच्या मापाने करून देतील.

ती घोरते का? तोंड उघडं टाकून झोपते का? स्टिरॉइडने वजन वाढलं किंवा जबड्याच्या सांध्यात संधिवात शिरून हनुवटी मागे राहिली, तर झोपेत श्वास अडतो. जबड्याचा सांधा बरेचदा काहीच दुखत नाही आणि म्हणून नजरेतून सुटतो. तिला तोंड पूर्ण उघडायला सांगा, जबडा एका बाजूला सरकत असेल तर डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : नातीला तीन दिवस सलाइनमधून मिथाइलप्रेडनिसोलोन या स्टिरॉइडचा मोठा डोस दिला. चेहरा लाल झाला आणि ती जवळजवळ झोपलीच नाही. हे असंच राहणार का? – एक आजोबा

उत्तर : नाही आजोबा. इतक्या मोठ्या डोसने चेहरा लाल होणं, तोंडाला धातूसारखी चव येणं, झोप न लागणं हे नेहमीचं आहे आणि बहुतेकदा काही दिवसांत ओसरतं. ती असंबद्ध बोलायला लागली, नसलेलं काही दिसतं म्हणाली किंवा फारच उदास झाली, तर मात्र लगेच डॉक्टरांना कळवा. पुन्हा असा डोस द्यायची वेळ आली, तर सलाइन सकाळीच लावता येईल का, हे दाखल करतानाच विचारून ठेवा.