आईच्या जुन्या लॅपटॉपवर उबुंटू २५.१०, २४.०४, झुबुंटू की मिंट?

साताऱ्यात आईकडे ४ जीबी रॅम आणि साधी हार्ड डिस्क असलेला आय-थ्री लॅपटॉप, विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलेला, आई त्यावर शिकवणीच्या प्रश्नपत्रिका मराठीत टाइप करणार आणि तुम्ही राहता पुण्यात. अशा वेळी विंडोजच्या जागी उबुंटू २५.१०, उबुंटू २४.०४, झुबुंटू आणि मिंट या चार लिनक्स सिस्टिमपैकी कोणती टाकावी, असं तुम्ही विचारलंय. मी लिनक्स मिंटच्या २२ मालिकेतली ताजी एक्सएफसीई (हलक्या डेस्कटॉपची) आवृत्ती टाकेन. का, ते सांगतो, म्हणजे पुढच्या मशीनच्या वेळी तुमचं तुम्हालाच ठरवता येईल.

उबुंटूचा आकडा म्हणजे वर्ष आणि महिना. २४.०४ ही एप्रिल २०२४ ची, २५.१० ही ऑक्टोबर २०२५ ची. आकडा मोठा असला की ती आपल्यासाठी जास्त चांगली, असं वाटणं साहजिक आहे. पण आधी बघायचं ते तिला दुरुस्त्या कधीपर्यंत मिळणार. सम वर्षाच्या एप्रिलमध्ये येते ती दीर्घ मुदतीची, म्हणजे एलटीएस. तिला पाच वर्षं सुरक्षा अपडेट मिळतात. मधल्या आवृत्त्यांना फक्त नऊ महिने. म्हणजे २५.१० जुलै २०२६ पर्यंतच. मुदत संपली की तिची पॅकेजेस काही काळाने नेहमीच्या सर्व्हरवरून जुन्या आवृत्त्यांच्या सर्व्हरवर जातात आणि मग अपडेट करताना नुसत्या एरर येतात. ते फोनवरून आईकडून निस्तरून घ्यायचं म्हणजे दोघांनाही त्रास. नाहीतर दर नऊ महिन्यांच्या आत कोणीतरी साताऱ्याला जाऊन अख्खी सिस्टिम पुढच्या आवृत्तीवर न्यायची. जी मशीन आपल्या हाताशी नाही, तिच्यावर मधली आवृत्ती टाकू नये, या मतावर मी ठाम आहे.

एलटीएस घेतली म्हणजे सगळं जुनं वापरावं लागेल, अशी भीती अनेकांना असते. फायरफॉक्स तिच्यावरही ताजाच मिळतो. नव्या हार्डवेअरसाठी २४.०४.२ पासूनच्या इन्स्टॉलरमध्ये नवा कर्नलही (हार्डवेअर हाताळणारा सिस्टिमचा गाभा) येतो. २५.१० ची गरज कधी पडते? लॅपटॉप नुकताच बाजारात आलेला असेल आणि त्याचं वाय-फाय किंवा ग्राफिक्स जुना कर्नल ओळखत नसेल तेव्हा. तुमच्या आय-थ्रीला ती अडचण येऊ नये.

आता झुबुंटू, म्हणजे एक्सएफसीई डेस्कटॉप असलेली उबुंटू. हलकी आहे, मला आवडते, पण इथे एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. झुबुंटू २४.०४ वरही एलटीएस लिहिलेलं असलं, तरी झुबुंटू, कुबुंटू, लुबुंटू या भावंडांना सपोर्ट तीनच वर्षांचा, म्हणजे एप्रिल २०२७ पर्यंत. मिंट २२ हीसुद्धा उबुंटू २४.०४ च्याच पायावर उभी आहे, पण तिला २०२९ पर्यंत अपडेट आहेत. डेस्कटॉप तोच एक्सएफसीई आणि दोन वर्षं जास्त. शिवाय मिंटच्या अपडेट मॅनेजरमध्ये अपडेट आपोआप बसतील अशी सोय चालू करता येते. टाइमशिफ्ट आधीपासून असतं, त्यामुळे काही बिघडलं तर सिस्टिम मागच्या स्थितीत नेता येते. उबुंटूत फायरफॉक्स स्नॅप या बंदिस्त पॅकेजच्या स्वरूपात येतो. साध्या हार्ड डिस्कवर तो पहिल्यांदा उघडायला बराच वेळ घेतो. मिंटमध्ये तो साध्या पॅकेजमधून येतो.

मिंटचा सिनॅमन हा दुसरा डेस्कटॉप दिसायला जास्त देखणा आहे, पण ४ जीबीत ब्राउझरसाठी जितकी रॅम मोकळी राहील तितकी बरी. खरं तर या मशीनचा वेग कोणत्याही आवृत्तीपेक्षा एसएसडीने जास्त वाढेल. हार्ड डिस्क काढून तिच्या जागी २५६ जीबीची साधी साटा एसएसडी बसवा आणि मगच इन्स्टॉल करा. खर्च करायचा तर आधी इथे.

मराठीची चिंता नको. कीबोर्डच्या यादीत मराठी आहे, युनिकोड (कुठल्याही मशीनवर सारखं वाचता येणारं) टायपिंग ब्राउझरमध्ये आणि लिबरऑफिसमध्ये नीट चालतं. आईला इनस्क्रिप्ट (मराठीचा प्रमाण कीबोर्ड) येत नसेल, तर आयबस हे टायपिंगचं साधन आणि त्याचं एम-१७-एन पॅकेज टाकून उच्चारानुसार टाइप करता येईल. काळजी करायची ती जुन्या प्रश्नपत्रिकांची. त्या श्रीलिपीसारख्या बिगर-युनिकोड फॉन्टमध्ये असतील, तर लिनक्सवर अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हं दिसतील. ज्या फायली पुन्हा लागणार आहेत, त्या विंडोज असतानाच युनिकोडमध्ये बदलून घ्या आणि बाकीच्यांच्या पीडीएफ काढून ठेवा. लोक हे काम नंतरवर ढकलतात आणि तेव्हा ते सॉफ्टवेअर चालवायला मशीनच उरलेली नसते.

इन्स्टॉल करण्याआधी पेनड्राइव्हवरून मिंट लाइव्ह, म्हणजे डिस्कवर न टाकता, चालवून पाहा. वाय-फाय जोडलं जातं का, आवाज येतो का, झाकण मिटून उघडल्यावर लॅपटॉप जागा होतो का, आणि मुख्य म्हणजे प्रिंटरवर एक पान मराठी छापून बघा. या घरात सगळ्यात जास्त काम त्याचंच आहे. प्रिंटर ओळखला गेला नाही, तर डिस्क पुसू नका. त्याचं नेमकं मॉडेल इथे लिहा, ड्रायव्हरचं काय करायचं ते सांगतो.