प्रश्न तुमचे: आधी मुलांचे काम, मग प्रशिक्षण

प्रश्न: मुंबईत समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेऊन मी काही वर्षे मुलांच्या हेल्पलाइनवर काम केले. लग्नानंतर आता न्यू जर्सीत राहते. वांशिक समतेचे प्रशिक्षण आणि बालहक्कांचे काम एकत्र करणारी मंडळी येथे दिसतात. मलाही तेच करायचे आहे. प्रशिक्षकाच्या अभ्यासक्रमापासून सुरुवात करावी का?
– एक वाचक

उत्तर: आमच्या मते करू नये. अमेरिकेत ही दोन कामे एकमेकांशी जोडली गेली ती बालकल्याण यंत्रणेच्या कटू अनुभवातून. देशातील मुलांमध्ये कृष्णवर्णीय मुले सुमारे 14 टक्के असताना फॉस्टर केअरमधील, म्हणजे घरातून काढून तात्पुरती दुसऱ्यांच्या देखभालीत ठेवलेल्या मुलांत मात्र ती 20 टक्क्यांहून अधिक आहेत. मूलनिवासी जमातींची मुले तर इतक्या मोठ्या संख्येने घरातून काढून परक्या कुटुंबांत दिली जात होती, की 1978 मध्ये त्यासाठी 'इंडियन चाइल्ड वेल्फेअर ॲक्ट' हा स्वतंत्र कायदा करावा लागला. सर्वोच्च न्यायालयाने तो 2023 मध्ये 7 विरुद्ध 2 मतांनी कायम ठेवला. आई कामावर गेली असता मूल घरी एकटे राहिले, तर ती गरिबी मानायची की हयगय, हे प्रथम ठरवतात शिक्षक, डॉक्टर किंवा शेजारी. न्यू जर्सीत तर बालछळाचा रास्त संशय आल्यास तो कळवण्याचे बंधन कायद्याने प्रत्येक व्यक्तीवर आहे. प्रशिक्षण द्यायचे ते याच माणसांना, आणि ज्याने एकही प्रकरण जवळून पाहिलेले नाही, त्याचे ही माणसे ऐकून घेतात आणि कामाला लागताच विसरतात.

म्हणून पहिली पायरी 'कासा'ची (कोर्ट अपॉइंटेड स्पेशल ॲडव्होकेट्स). सिएटलचे न्यायाधीश डेव्हिड सूकप यांनी 1977 मध्ये सुरू केलेल्या या व्यवस्थेत न्यायालयाने नेमलेला स्वयंसेवक मुलाला नियमित भेटतो, शाळेशी व कुटुंबाशी बोलतो आणि मुलाच्या हिताचे काय, याचा अहवाल न्यायाधीशांना देतो. त्यासाठी साधारण 30 तासांचे पूर्वप्रशिक्षण मिळते. वेतन मात्र मिळत नाही.

केवळ प्रशिक्षणावर उपजीविका अवलंबून ठेवणे सध्या धोक्याचे आहे. 2020 मध्ये जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय व्यक्तीच्या पोलिसांच्या हातून झालेल्या मृत्यूनंतर मागणी एकाएकी वाढली, तर जानेवारी 2025 मधील अध्यक्षीय आदेशांनी केंद्रीय कार्यालयांतील असे कार्यक्रमच बंद केले.

आणखी एक गोष्ट, जी तुम्हाला कदाचित अडचणीची वाटेल: सिएटलने फेब्रुवारी 2023 मध्ये भेदभावविरोधी नियमांत जातीचा समावेश केल्यापासून भारतीय प्रशिक्षकाला जातीविषयी प्रश्न येणारच, आणि वर्णभेदावर बोलून जातीवर गप्प बसणारी व्यक्ती श्रोत्यांचा विश्वास गमावते, हे योग्यच म्हणावे लागेल.

पगारी पदांसाठी तुमच्या पदवीची समकक्षता 'कौन्सिल ऑन सोशल वर्क एज्युकेशन'कडून तपासून घ्यावी लागेल व राज्याच्या परवान्याचे नियम पाहावे लागतील. विद्यापीठाकडून अधिकृत गुणपत्रके यायला वेळ लागतो, तेव्हा तो अर्ज स्वयंसेवेच्या अर्जाबरोबरच पाठवावा.